मिठाच्या गोण्या

८ मार्च

चि. शहाण्यास,

ताईचे आशीर्वाद. सवयीने लिहून गेले, आता खोडत नाही. आम्ही खुशाल आहोत. माशांचं तसं म्हणता येत नाही.

तुझी जलपर्णी मात्र टवटवीत आहे. तळ्याच्या पलीकडच्या काठाला तिला जांभळी फुलंही आली आहेत. मेली ती बाबांनी जिवापाड वाढवलेली माशांची पिल्लं.

बाबांची पद्धत तुला हास्यास्पद वाटली होती. दाताळ्याने जलपर्णी ओढायची आणि काठावरच्या टाकीत, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे फेकल्यावर पुन्हा फुटत नाही. दगडांत अडकलेल्या रोपांच्या पानांना कडक उन्हात ब्रशने व्हिनेगर लावायचं, तळ्यात थेंब पडू न देता. "बाबा, पानं रंगवताय का?" म्हणालास. आणि आम्ही दवाखान्यात गेलो तेवढ्यात टाकीसाठी आणलेल्या मिठाच्या सगळ्या गोण्या तळ्यात ओतून मोकळा झालास. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, त्या बुडवणारा तू पहिलाच.

तेही मी गिळलं असतं. पण फोनवर बाबांना काय म्हणालास? "तुम्हीच टाकलं असणार. हल्ली तुमच्या लक्षात राहत नाही." ते गॅस बंद करायला विसरतात, हे मीच तुला काळजीनं सांगितलं होतं. त्याचा हा उपयोग केलास! शेण आपण खायचं आणि तोंड बापाचं माखायचं. लाज कशी वाटली नाही रे?

तेव्हापासून बाबा तळ्याकडे फिरकलेले नाहीत. दाताळं माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता तूच बघ. माझा काही भरवसा नाही." अरे, गोणी उचलणं राहू दे, त्यांना वाकून बूटसुद्धा घालता येत नाहीत.

काल मला राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, हे तुम्ही केलेलं नाही. त्यानं केलंय."

ते म्हणाले, "ठाऊक आहे गं मला. पण त्याला कळू देऊ नकोस. मान खाली घालावी लागली, तर तो यायचाच नाही."

तू येत राहावास म्हणून त्यांनी स्वतःला वेडं ठरवून घेतलं, तळं सोडलं. माझं मन एवढं मोठं नाही, म्हणून कळवते आहे.

येशील तेव्हा मान खाली घालूनच ये. दाताळं दारामागे ठेवलं आहे.

तुझी, पण केवळ बाबांखातर,
ताई