दारातली पहिली रांग

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला आधी हसू येईल, मग काळजी वाटेल. वसतिगृहात होते तेव्हा तुला पत्रं लिहायचे, त्यानंतर हे पहिलंच. हाताशी फोन असताना ताईला हे काय सुचलं, असं कारभारणीला म्हणशील. सांगते, पण सवडीनं. सध्या मला सवडच सवड आहे. तीन आठवडे घरीच आहे. शेजारच्या काकूंना वाटतं मी आजारी आहे. त्या रोज डोकावून जातात आणि मी ठणठणीत दिसले की बिचाऱ्या हिरमुसतात.

घरी नुसतं बसलं की बाबांचं दुकान आठवतं. पलंगाएवढी ती जागा, भिंतभर उघडे रेडिओ आणि एकाच स्टुलावर आपण दोघं अर्धे अर्धे बसलेले. बाबा म्हणायचे, ‘उघडता कुणालाही येतं रे, परत बंद करता आलं पाहिजे.’ तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता. मी डाग द्यायला गेले की कथील ओघळून भलतीकडेच जायचं, आणि तू नऊ वर्षांचा असताना केसाएवढ्या तारा जोडायचास. बाबांची नजर गेली तेव्हा तू दहावीत होतास. तुला शाळा सोड असं कुणी म्हटलं नाही, आणि सोडू नकोस असंही कुणी म्हटलं नाही. मीसुद्धा नाही. मी शिकले, परीक्षा दिली, बंदरावर तपासनीस झाले. तू दुकान चालवलंस. पुढे लोकांनी दुरुस्त करून घेणंच सोडलं, आणि दुकानाची भंगार फोडायची शेड झाली. परत बंद करण्याचं काम संपलं, उघडण्याचं तेवढं राहिलं.

माझं काम नेमकं काय, हे तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. तू विचारायचास आणि मी म्हणायचे, ‘कागद बघते.’ नियम तसा साधा आहे. बाहेरच्या देशातून वापरलेला संगणक, त्याचा पडदा, फोन आणता येतो, पण तो चालू असला पाहिजे. बंद पडलेलं, फुटलेलं आणायचं नाही, कारण तो कचरा, आणि ज्यानं त्यानं आपला कचरा आपल्या घरी निस्तरायचा. मग चालू आहे की नाही हे कोण बघणार? मी. माझ्या टेबलाशेजारी विजेची चार बटणं होती. प्रत्येक कंटेनरमधून दहा नग काढायचे, वायर लावायची, दिवा लागला की सही करायची. पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की दारातली पहिली रांग नेहमी चालू असते. नीट खोक्यात, फोमच्या पट्ट्या लावून, पुसून ठेवलेली. तिच्यामागे काय असतं ते कंटेनर हलवला की ऐकू यायचं. काच काचेवर घासते तो आवाज तुला मी काय सांगू! साहेब म्हणाले, ‘दारातलं आपण बघायचं, आतलं पुढचे बघतील.’ पुढे कुणी नव्हतं. मला ते ठाऊक होतं. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, तसं. मी खाल्लं काहीच नाही, फक्त डोळ्यावर कातडं ओढलं. एवढ्यानंही शेत जातं.

मी असं का केलं, याचं एक उत्तर आळस आहे. दुसरं तू आहेस. तो माल कुठे जातो हे मला माहीत होतं. तो थांबला असता तर तुझी गल्ली थांबली असती. तुझी शाळा सुटली तेव्हा मी गप्प बसले होते, त्याची ही भरपाई, असं मी मनाला सांगत आले.

मागच्या वर्षी तुझ्याकडे आले होते, आठवतंय? कारभारीण शेगडीवर संगणकातल्या हिरव्या पट्ट्या तापवत होती, कथील वितळलं की चिमट्यानं एकेक चिप उचलत होती. नाकाला पदर लावलेला, तोही अर्धा घसरलेला. मागच्या अंगणात तारा जळत होत्या. चिमी तिच्या आईशेजारी बसून जुन्या कीबोर्डची बटणं रंगाप्रमाणे लावत होती. तिचं टेबल म्हणजे एक पालथं खोकं. त्या खोक्यावर आमच्या कचेरीची चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर माझी सही. तू जोरात हसलास. म्हणालास, ‘बघ ताई, तू येत नाहीस, पण तुझी सही येते आमच्याकडे.’ मीही हसले. मग मी शेडच्या परवान्याचं बोलले, तोंडाला मास्क, धूर ओढून घेणारे पंखे, वगैरे. तू म्हणालास, ‘परवाना मोठ्यांना मिळतो, आम्हाला सील मिळतं. आणि नियम लिहिणाऱ्यांनी आपला जुना फोन कुठे टाकला, ते विचार की एकदा.’  

सुट्टीत चिमी माझ्याकडे राहायला आली ना, त्याबद्दल मी तुझ्याशी खोटं बोलले. पहिले चार दिवस ती जेवायचीच नाही, पोट धरून बसायची. मला वाटलं, आईची आठवण. मी तिला पाटीवर अक्षरं काढून दिली. काल आलेलं अक्षर आज पुसलेलं असायचं, पाटीवरून नाही, तिच्या डोक्यातून. बाईंनी शाळेतून लिहिलं होतं ना, ‘लक्ष देत नाही’? धाकट्या, ती लक्ष देत होती. कपाळाला आठ्या घालून देत होती. मग स्वतःवरच चिडून पाटी भिरकावून द्यायची. मी तिला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोट दाबून बघितलं, हिरड्या बघितल्या आणि मला विचारलं, ‘हिच्या घरी काय काम चालतं?’ मी सांगितलं. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं.

तुला मी फोनवर म्हणाले, रक्त कमी आहे, गोळ्या दिल्यात. रक्तात शिसं आहे. पडद्यांच्या काचेतलं, पट्ट्यांवरच्या कथलातलं, शेडमधल्या धुळीतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहान मुलाला हे इतकं चालतं असा आकडाच नसतो, आणि हिचा आकडा खूप मोठा आहे. मी विचारलं, बरं होईल ना? त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिले. म्हणाल्या, ‘गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही. पण आधी तिला तिथून हलवा. जे आहे ते तरी राहील.’ मी तुला म्हटलं, अजून महिनाभर राहू दे. तू म्हणालास, शाळा बुडेल, आणि येऊन घेऊन गेलास. बसच्या खिडकीतून तिनं हात हलवला, आणि मी ते कागद पिशवीत घेऊन तशीच उभी. तुला शिशाचं सांगायचं तर ते शिसं कुणाच्या सहीनं आलं, तेही सांगावं लागलं असतं. तेवढी हिंमत नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि आलेला कंटेनर पूर्ण रिकामा करायला सांगितला. हमाल माझ्याकडे बघतच राहिले. पहिली रांग निघाली, आणि मागून सगळं खाली आलं. फुटक्या काचा, उपटलेल्या पट्ट्या, फुगून गळणाऱ्या बॅटऱ्या. एका हमालाचा तळहात चिरला. साहेब धावत आले. ‘बाई, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेताय?’ मी नियमाप्रमाणे लिहिलं: कचरा, आला तिकडे परत पाठवावा. मग दुसरा उघडला, तिसरा उघडला. सहाव्याला वरून चौकशी लागली. चौकशीला आलेल्या बाईंनी मला एकच प्रश्न विचारला, ‘हे आधी का दिसलं नाही?’ दिसलं नाही, असं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, ‘दिसत होतं.’ तेव्हापासून घरी आहे. रजा नाही ही. निलंबन आहे.

आता पत्राचं कारण. काल माझा जबाब पूर्ण झाला. माल कुठे जातो असं त्यांनी विचारलं, आणि मी गल्ली सांगितली, शेडा सांगितल्या. तुझी शेडसुद्धा. तुझं नाव दुसऱ्या कुणी घेतलं नाही, ते मी माझ्या हातानं लिहिलं. उद्या सकाळी तिथं पथक येईल. हे पत्र तुला चार दिवसांनी मिळेल, म्हणजे वाचशील तेव्हा शेडच्या दाराला सील असेल. फोन करता आला असता. दोनदा नंबर लावला आणि ठेवला. मी सांगितलं असतं तर तू रातोरात सगळा माल अंगणात जाळून टाकला असतास, आणि तो सगळा धूर चिमीनं घेतला असता. म्हणून फोन नाही, पत्र. तुझा धंदा मी बुडवला, यावर मी माफी मागणार नाही, कारण पुन्हा तीच वेळ आली तरी हेच करेन. माफी मागते ती त्या दिवसांची, ज्यांत मला माहीत होतं आणि तुला नव्हतं. डॉक्टरांचे कागद सोबत जोडलेत, कारभारणीलाही दाखव, तिचंही रक्त तपासायचं आहे. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस. त्या दोघींना बसमध्ये बसवून दे आणि तू मागे फिर. मी रोज दुपारच्या बसला थांब्यावर येऊन उभी राहीन.

तू मानशील तोवर तुझीच,
ताई