उतरलेली दुसरी तार

२ सप्टेंबर

दादाचा फोन. "अगं, महिनाअखेर गाडी घेऊन येतो. त्या शुश्रूषागृहात चोवीस तास नर्स असतात. तू किती दिवस ओढणार? आणि त्याला काय कळतंय? भिंत काय, तू काय, त्याला सारखंच."

भिंत! चार महिने मी भरवते, पुसते, कूस बदलते, आणि मी भिंत! या चार महिन्यांत दादा दोनदा आला. दोन्ही वेळा पंखा कमी करून गेला. एवढीच सेवा.

धाकट्या भावाला कळतं. झटका आल्यापासून त्याचा उजवा हात-पाय गेला, वाचा गेली, पण डोळे जागे आहेत. दादाला डोळ्यांचा पुरावा चालत नाही. खरं सांगायचं तर मलाही चालला नसता. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदार म्हणायचा, "बाई, काटा अगदी बरोबर आहे हो." मी म्हणायचे, "दाखव."

आता दादा म्हणतो, दाखव. अठ्ठावीस दिवस आहेत.

३ सप्टेंबर

वाचा-उपचार करणारी पोरगी आली. नेहमीची चित्रं — कप, चप्पल, खिडकी. धाकट्याने कपाकडे असं पाहिलं, जसं मी तिच्या चित्रकलेकडे पाहते.

जाताना म्हणाली, "काकू, शब्द हरवतात पण सूर बऱ्याचदा शिल्लक असतो. त्यांचं स्वतःचं संगीत ऐकवा. रेकॉर्ड नको, समोर बसून कुणीतरी वाजवा. आणि पहिला शब्द शहाण्यासारखा येईल असं समजू नका. लहानपणी हजारदा ऐकलेलं काहीतरी येतं. आकडे येतात. कधीकधी शिवी."

"शिवी आली तरी फ्रेम करून लावीन," मी म्हटलं.

समोर बसून कुणी वाजवायचं? त्याच्यासारखं कुणीच वाजवत नाही. तीच तर त्याची ख्याती!

५ सप्टेंबर

त्याच्या गिटारची पेटी उघडली. काय ती दशा! सहापैकी चार तारा जाग्यावरून उतरलेल्या. सगळ्यात जाड तार तर धुण्याच्या दोरीसारखी लोंबत होती. कॉन्व्हेंटमधल्या मदरने पियानोच्या पाचव्या परीक्षेनंतर दिलेला, सूर लावायचा नादकाटा अजून माझ्याकडे आहे. पाऊण तास बसून सहाही तारा शिस्तीत आणल्या — ई, ए, डी, जी, बी, ई. धूळ पुसली. लाकडाला तेल लावलं.

पलंगाजवळ नेऊन सहाही तारांवरून अंगठा फिरवला. त्याने डावा हात गादीवर आपटला. तीनदा!

आनंद झाला असणार. चार महिन्यांत पहिल्यांदा.

७ सप्टेंबर

पेटीच्या कप्प्यात त्याची वही मिळाली. प्रत्येक पानावर सहा उभ्या रेघा आणि त्यांवर ठिपके. कुठलं बोट कुठे, एवढंच. मोकळ्या तारेला शून्य. स्वरांची नावं नाहीत, काही नाही. त्याऐवजी कॉर्डला स्वतःची नावं दिलीत — "ओला टॉवेल". "अर्धा जिना". "पावती हरवली". मेजर-मायनर म्हणायला याची जीभ झिजली असती का?

एका पानावर "ताईची पट्टी".

वही मिटून ठेवली. नंतर परत उघडली.

९ सप्टेंबर

कागदावर हिशेब मांडला. मदरचं पहिलं वाक्य: कॉर्ड म्हणजे तीन स्वरांचं घर. पहिला आणि पाचवा या भिंती. मधला, तिसरा, ठरवतो घरात हसतात की रडतात. पूर्ण उंचीवर असला तर मेजर, हसरा. अर्धी पायरी उतरला तर मायनर, रडका. झालं. नव्वद टक्के संगीत एवढंच आहे.

धाकट्याच्या ठिपक्यांवरून स्वर काढले. घर नाहीच! नुसती गर्दी! "अर्धा जिना" मध्ये चार स्वर एकमेकांच्या उरावर बसलेत आणि दोन बाहेर उभे. वाजवून पाहिलं. भांड्यांचं कपाट कोसळलं.

आणि हे ऐकून लोक रडायचे म्हणे. मीही रडले असते.

१० सप्टेंबर

बोटांची चाळण झाली. आज सुट्टी.

१३ सप्टेंबर

आज त्याच्यासमोर "ओला टॉवेल" वाजवलं. ठिपके अगदी तंतोतंत, एक तिळभर इकडेतिकडे नाही. त्याने मान फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळपर्यंत वळला नाही. सूपही घेतलं नाही.

त्याला माझ्या हातचं संगीत नको असेल. कारण आहे.

मी बारा वर्षांची, तो सहाचा. घरी तो जुना पियानो. मधल्या सी-च्या लगत खालचा बी कायम उतरलेला. सूर लावणारा यायचा, लावायचा. दोन दिवसांत परत खाली. "खुंटा धरत नाही, लाकूड तडकलंय," म्हणायचा. कॉन्व्हेंटमधला पियानो आरशासारखा. घरी मी त्या बीपुरते कान बंद करून रोज दोन तास घासायचे. धाकटा पियानोच्या खाली बसायचा, माझ्या पायांशी. मी वैतागायचे. मग ठरवलं, बसतोच आहे तर शिकू दे. मदर जशी मला शिकवायची तशी मी त्याला शिकवलं — लाकडी पट्टी हातात घेऊन. स्वर चुकला की "चूक!" आणि पट्टी. "चूक!" आणि पट्टी. वर्षभर टिकला. मग पियानोला हात लावला नाही. कुणाची तरी टाकून दिलेली गिटार घेऊन आला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

पट्टी अजून आहे. कापड बेतायला वापरते.

पुढे त्याचा पहिला मोठा कार्यक्रम. सभागृह भरलेलं, माझ्या शेजारची बाई रुमालात तोंड खुपसून रडत होती. संपल्यावर मी पडद्यामागे गेले. तो घामाघूम, हसत. म्हणाला, "काय ताई?" मी म्हटलं, "लोक रडतात हे खरं. पण सूर चुकीचा आहे."

त्यानंतर अकरा वर्षं एक फोन नाही.

१६ सप्टेंबर

जाड तार तुटली. काडकन. गिटार घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार दाढीवाला, कानात बाळी, पण हात स्वच्छ. गिटार पाहूनच ओळखली. "ही त्यांची? तुम्ही त्यांच्या कोण?"

"ताई."

त्याने बोट फिरवलं, थबकला. "आजी, ही आणलीत तेव्हा कुठल्या सुरात होती?"

आजी म्हणे! "कुठल्याच नव्हती. बेसूर होती. मी लावली."

त्याने गिटार हळूच खाली ठेवली, जशी झोपलेली व्यक्ती ठेवावी. "तुम्ही लावलीत."

"नादकाट्याने! अगदी अचूक!"

"अहो आजी, ते नेहमीच्या सुरात वाजवायचेच नाहीत. तारा आपल्या आपण कुठेतरी उतरवून ठेवायचे. कुठे, ते कुणाला सांगायचे नाहीत. मी तीनदा विचारलं, हसले नुसते. त्यांचे ठिपके त्या सुरावर बसवलेले. तो सूर फक्त दोन ठिकाणी होता. एक त्यांच्या डोक्यात." गिटारकडे पाहिलं. दुसरं ठिकाण काउंटरवर पडलं होतं.

मला खुर्ची दिली. पाणी दिलं. त्याला वाटलं असावं, आता ही बाई पण जाते.

१७ सप्टेंबर

खात्यात रुजू झाले त्या दिवशी साहेबांनी शिकवलेलं: दुकानात शिरल्यावर काट्याला हात लावायच्या आधी तो काय दाखवतो ते लिहून घ्या. एकदा हात लावला की पुरावा गेला.

एकतीस वर्षांत एकदाही चुकले नाही. घरच्या काट्याशी चुकले.

आणि त्याने गादीवर हात आपटला होता तो आनंदाने? लाज वाटते लिहायला.

१८ सप्टेंबर

त्याची माफी मागितली. भिंतीकडे तोंड करून ऐकलं.

२० सप्टेंबर

वहीचं शेवटचं पान. सहा रेघा, सहा शून्यं. म्हणजे एकही बोट नाही, सगळ्या तारा मोकळ्या. नाव — "पियानोखाली".

मोकळ्या तारा! म्हणजे हा कॉर्ड नाहीच, हा तो सूरच आहे! याची टेप असेल तर माझं काम झालं. दाढीवाल्याला फोन केला. "अहो आजी, त्यांच्या पहिल्या कॅसेटची सुरुवातच तशी आहे, जाड तारेपासून एकेक तार सावकाश. त्या मोकळ्या तारा असतील हे मला कधी सुचलंच नाही. येतो घेऊन." तासाभरात आला, टेपरेकॉर्डरसकट. चांगलं पोर आहे. दाढी सोडल्यास.

पहिलीच जाड तार ऐकली आणि अंगावर काटा आला. ई ही गिटारची जमीन, त्याखाली काही नसतं. इथे जमिनीच्या खाली कुणीतरी चालत होतं. थांबवलं, नादकाटा, मागे, परत. सी! दोन पायऱ्या खाली! आणि मी तिला लोंबणारी दोरी म्हटलं.

दाढीवाला म्हणाला, "मला एवढं ऐकू आलं नसतं." मदर, ऐकताय ना?

२३ सप्टेंबर

सी, जी, डी, जी, मग एक भानगड, शेवटी डी.

आता कळलं हा प्राणी काय करतो. वर जी-चं घर मांडलेलं, सगळे आत बसलेत. आणि तळाशी सी, जो त्या घरातला नाहीच. वरचे म्हणतात, आलो. खालचा म्हणतो, निघालो. दोन्ही एकाच वेळी. म्हणून ती बाई रुमालात तोंड खुपसून बसली होती! आणि "ताईची पट्टी" मध्ये दोन सख्खे शेजारी स्वर एकमेकांना चिमटे काढतात. काढणारच.

भानगड दुसऱ्या तारेची, बारीक बाजूने मोजलं तर. ती बी असणार, जी-च्या घरातला तो मधला, हसवणारा. पण टेपवर पुरा बी नाही आणि अर्धी पायरी खालचा बी-फ्लॅटही नाही. दोन्हींच्या मध्ये लोंबकळतोय. रेकॉर्डिंगच्या गडबडीत तार उतरली असेल, लावायची राहिली. होतं असं. मी ती नीट बीवर आणली.

२५ सप्टेंबर

दादा: "तीस तारखेला अकरा वाजता. कपडे, औषधं, रिपोर्ट एका पिशवीत भर." मी म्हटलं, त्याने मान वळवली, हात आपटला. दादा म्हणाला, "पडदाही वाऱ्याने हलतो."

माणूस आहे की दगड! पण आवाज थोडा फुटला त्याचा, ते मी ऐकलं. त्यालाही भीती वाटते. त्याने पंखा कमी केला तोही पलंगाकडे बघायला नको म्हणून.

२७ सप्टेंबर

वाजवलं. "ओला टॉवेल", मग "अर्धा जिना". तेच ठिपके, पण भांड्यांचं कपाट गेलं कुठल्या कुठे! मधेच माझाच हात थांबला. जिन्यात बसून कुणीतरी चप्पल घालायची की नाही ठरवत असावं, असं काहीतरी. मला असं लिहिता येत नाही.

तो वळला. भिंतीकडून माझ्याकडे! पूर्ण! डावी बोटं चादरीवर ठिपके शोधत होती. वाचावाली पोरगी श्वास रोखून उभी. मी "पियानोखाली" छेडलं आणि त्याचं तोंड आंबट झालं. डोळे मिटले. ओठ हलले, आवाज नाही.

"काय रे? काय चुकलं?" दहादा विचारलं. टेपशी परत ताडून पाहिलं. पाच तारा बरोबर, आणि उरलेली टेपहून बरोबर.

२९ सप्टेंबर

पिशवी भरली. मोजे सापडत नव्हते म्हणून स्वतःशीच भांडले. वहीपण आत ठेवली. मग काढली. मग ठेवली.

३० सप्टेंबर

दादा अकराला दारात. मी म्हटलं, एकदा वाजवते, मग ने. "पियानोखाली". सहाही तारा.

"चूक."

मी दादाकडे पाहिलं, दादाने माझ्याकडे, मग दोघांनी पलंगाकडे.

मी हात ठेवला दुसऱ्या तारेच्या खुंटीवर. तीच, दुसरी कुठली असणार. केसभर सैल केली. "चूक." अजून केसभर. "चूक!" — आणि डावा हात गादीवर, माझी पट्टी पडायची तस्सा. अजून थोडी. या वेळी काही बोलला नाही. डोळे मिटले, पण आंबट नाही.

मी परत छेडलं. ना पुरा बी, ना फ्लॅट. न धरणाऱ्या खुंट्याचा बी. वर्षानुवर्षं ज्याच्यावर मी कान बंद करून बसले होते, आणि तो माझ्या पायांशी बसून ऐकत होता.

दादा पिशवीवरच बसला. "अगं," म्हणाला, "हा तर आपला पियानो."

गाडी रिकामी गेली. लाकडी पट्टी काढून त्याच्या डाव्या हाताशी ठेवली आहे.