थांबावे

प्रिय ताई,

पाकीट बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, नोकरी शाबूत आहे, आणि डेपोत कुणाच्या खुर्चीला गोंद लावल्याची तक्रारही नाही, निदान या महिन्यात तरी नाही. फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? माझं अर्धं वाक्य होतं न होतं तोच उरलेलं अर्धं तूच बोलून मोकळी होतेस. कागदाला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा बस निवांत. चहा घेऊन बस, कारण मी क्रमाने सांगणार आहे, आणि शेवटचं पान आधी वाचलंस तर तुला माझी शपथ.

तू सासरी गेल्यावर इकडच्या आठवड्याच्या प्रार्थनासभेची रीत बदलली. पूर्वी मास्तर एकटेच जुना ग्रंथ वाचायचे आणि आपण मागच्या बाकावर पेंगायचो. आता त्यांनी काढलंय की दर आठवड्याला वेगळ्या माणसाने उठायचं, ग्रंथातलं एक गाणं माईकवर वाचायचं आणि त्यात आपल्याला काय सापडलं ते सांगायचं. तर त्या दिवशी मास्तरांनी विचारलं, पुढच्या वेळी कोण वाचणार? सगळे आपापल्या चपला बघायला लागले. तेवढ्यात बाबांच्या कानाशी एक माशी आली आणि त्यांनी तिला हाकलायला हात वर केला. आता तूच सांग, असा मोका मी सोडीन? मी ओरडलो, बाबा वाचणार! लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांचा हात तसाच वर, आणि माशी गेली उडून.

हसू नकोस. म्हणजे हस, मीही हसलो. पण नंतर त्यांचा चेहरा बघितला आणि मी हसणं आवरलं. बाबांचं अडखळणं तुला मी काय सांगणार? या माणसाने सलून उघडलं तेच मुळी इथे बोलावं लागत नाही म्हणून. गिऱ्हाइकं लांबून येतात, डोकं शांत राहतं म्हणतात. मिशी ठेवू का विचारायचं तर बाबा हवेत कात्री एकदा वाजवतात, झालं. आणि घरी आई त्यांचं वाक्य सुरू व्हायच्या आतच संपवते. मागे त्यांना खिडकी उघड म्हणायचं होतं, तर ते ख-ख करतायत तोवर बाई खिडकीला नवा पडदा घेऊन आली. आता पडदा आहे, खिडकी बंदच.

बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. ते टाकलंय हे कळायलाच मला चार दिवस लागले, ते सोड. आई म्हणाली, मेल्या, जा आणि मास्तरांना सांग की चूक झाली. मी निघालोही होतो, पण बाबांनी हाताने अडवलं आणि स्वतः गेले, नाही म्हणायला. मी मागे मागे. मास्तर दारात आले. बाबांनी तोंड उघडलं, ना... ना... आणि मास्तर त्यांचा हात धरून म्हणतात कसे, नाही नाही, अहो आभार कसले मानता, तुमचा हक्कच आहे! बसा, चहा घ्या. ताई, आयुष्यात पहिल्यांदा माणूस नकार द्यायला गेला आणि चहा पिऊन होकार देऊन आला.

येताना वाटेत त्यांनी मला बजावलं. पूर्ण वाक्य, बराच वेळ लागला, पण मी मध्ये बोललो नाही, कारण बोलायला तोंड नव्हतं. म्हणाले, तू अडकवलंस, आता तूच सगळ्यात छोटं गाणं शोध. आणि हेही म्हणाले की आता माघार घेतली तर लोक सुटलो म्हणून श्वास सोडतील, आणि तो श्वास मला ऐकायचा नाही. तेव्हा मला कळलं, हे काही माझ्या थट्टेपुरतं उरलेलं नाही.

माझ्या शिक्षणाची तुला कल्पना आहे. शाळा सुटली तेव्हा मला जेवढा आनंद झाला त्याहून जास्त हेडमास्तरांना झाला. तरी ग्रंथ घेऊन बसलो. तर एक छोटं गाणं मिळालं आणि त्यात एक गंमत. ओळ संपते आणि पुढे बारीक अक्षरात नुसता एक शब्द, थांबावे. पुन्हा दोन ओळी, पुन्हा थांबावे. मी आधी शोधत बसलो की ही कुणाची खोडी. मग बाकीची पानं चाळली, तर कितीतरी गाण्यांत आहे. आणि सभेत गाणं वाचताना हा शब्द मी जन्मात कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मास्तर माझ्याच बसने जातात, तिकीट देता देता विचारलं. ते म्हणाले, अरे, ती जुन्या काळच्या गाणाऱ्यांसाठी सूचना, ती वाचायची नसते. मी विचारलं, मग थांबायचं तरी असतं का? मास्तर म्हणाले, खरं सांगू, मी कधी थांबलो नाही बुवा. लपवलं नाही त्यांनी, आपल्याला माणूस आवडतो तो यासाठी.

त्यानंतर दिवसभर ते डोक्यातून जाईना. माझं काम काय गं? एक घंटी, थांब. दोन घंटी, चल. आत बसलेल्यांना वाटतं, मी प्रत्येक ठिकाणी बस थांबवून त्यांचा वेळ खातो. ओरडतात माझ्यावर, अहो कंडक्टर, किती थांबे हो तुमचे! पण खाली उभा असतो त्याला विचारा. तो थांबा आहे म्हणून तर तो आत येणार. मला एकदम वाटलं, त्या गाणं लिहिणाऱ्याने सुद्धा घंटी मारून ठेवलीय, कुणीतरी चढायचं राहिलंय म्हणून. आणि आपण सगळे इतकी वर्षं बस दामटतोय. मी देवाधर्मातला नाही हे तुला माहीत आहे. पण त्या दिवशी बस रिकामी झाल्यावर मी मागच्या सीटवर जरा बसून राहिलो. काही मागितलं नाही. नुसता बसलो. बरं वाटलं.

दुपारी सलूनचं शटर अर्धं ओढून सराव सुरू केला. बाबा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, मी कात्री ठेवायच्या फळीवर. ते अडकले की माझी जीभ शिवशिवायची, शब्द पुढे ढकलायला. तो न ढकलणं हे माझ्या आजवरच्या सगळ्या कामांत अवघड काम, सांगून ठेवतो. सुधारणा म्हणशील तर काही नाही. उलट काही शब्द सरावाने जास्तच अडकायला लागले.

आणि तो दिवस आला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. आई पुढच्या बाकावर, ओठ तयार ठेवून. मी तिच्या शेजारी बसलो आणि तिचा हात घट्ट धरला, तोंड धरता येत नाही म्हणून. बाबांनी पहिली ओळ वाचली, ‘मी हाक मारली आणि डोंगर गप्प राहिला.’ अडखळत, पण वाचली. आणि मग तो शब्द मोठ्याने वाचला, जो कुणीच वाचत नाही. थां, थां, थांबावे. दोन-चार जण फिसकन हसले. बाबाही हसले! माईकवर! आणि मग खरोखरच थांबले. मास्तरांनी पुस्तकावरून मान वर केली. पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. बाबांनी पुढची ओळ घेतली, मध्येच अडकले, आणि ताई, या वेळी कुणी हललं नाही. कारण कुठला थांबा ग्रंथाचा आणि कुठला बाबांचा, हेच कुणाला कळेना! सगळी सभा आपली थांबतेय. आईसुद्धा. तिचे ओठ मिटले होते, मी स्वतः बघितलं.

काय सापडलं ते सांगायची वेळ आली. मला वाटलं, आता मान हलवून खाली येतील. नाही. म्हणाले, माझी वाक्यं जन्मभर लोकांनी पूर्ण करून दिली. प्रेमाने दिली. दे... देवाने एकही दिलं नाही. मला वाटायचं, तो ऐकतच नसेल. आता वाटतं, तो थांबलाय, माझं होईपर्यंत. एवढंच. बसताना खुर्ची जरा चुकली, पण पडले नाहीत. मी उभा राहून शिटी मारली. सभेत शिटी मारत नाहीत म्हणे. मग माझ्या बापासारखा बाप आणायचा नाही.

आता सलूनमध्ये बाबा बोलतात. एक विनोद एका कानापाशी सुरू होतो तो दुसऱ्या कानामागचे केस कापून झाल्यावर संपतो, आणि गिऱ्हाईक उठून जाऊ शकत नाही, गळ्याभोवती कापड असतं. घरी खिडकी उघडी असते. आणि रोज विचारतात, भिंगरीचा फोन आला का? तुझी ही लेक, जी पूर्वी फोन तुझ्या हातून हिसकावून घ्यायची, ती हल्ली कधी झोपलेली असते, कधी चित्रं काढत असते. मी बाबांना सांगतो, मोठी झाली ती आता.

ताई, परवा भावोजींचा फोन आला होता. त्यांना वाटलं, मला ठाऊक आहे, म्हणून बोलून गेले. त्यांच्यावर चिडू नकोस. भिंगरी अडखळते, वर्गात हात वर करायची बंद झालीय, आणि बाबांनी आपल्यामुळे झालं असं मनाला लावून घेऊ नये म्हणून तू तिला फोनवर येऊ देत नाहीस. तुझ्या जागी मीही कदाचित हेच केलं असतं. म्हणून सगळं एवढं लांबण लावून लिहिलं. बाबांना मी काही सांगितलेलं नाही, ते काम तुझ्या लेकीचं. रविवारी फोन लाव, तिच्या हातात दे आणि तू खोलीबाहेर जा. तिकडे ती गप्प होईल, इकडे बाबा गप्प होतील, फोनवर कितीतरी वेळ नुसता श्वास ऐकू येईल. येऊ दे. आईचा हात मी धरतो. माझ्या तोंडाचा भरवसा नाही, म्हणून त्यात रुमाल कोंबून बसेन.

तुझाच,
लाडका उपद्व्याप