तुला गोळ्या, मला सुया

पहूर, १२ मार्च २०२५

ती. हेमलताअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मोबाइलवर तू नुसता अंगठा पाठवतेस, म्हणून पत्र. तुला झाला होता तोच, साध्या औषधांना दाद न देणारा टीबी आता मला निघाला आहे. घाबरू नकोस. जळगावचे डॉक्टर म्हणाले, आता सुया नाहीत की दोन वर्षं नाहीत. नव्या गोळ्यांनी सहा महिन्यांत मोकळी होशील. त्यातली मुख्य गोळी पूर्वी एकाच परदेशी कंपनीची होती. पेटंट संपल्यावर आपल्याकडच्या कंपन्याही बनवतात म्हणे. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मी तर चक्क पेढे वाटले!

तुझ्या चार ओळींची वाट बघणारी,
रोहिणी

देवपूर, धुळे, २० मार्च

चि. सौ. रोहिणीस,
अ. उ. आ.

खरं लिहू? मला तुझा हेवा वाटला. मी दोन वर्षं औषधं खाल्ली, कित्येक महिने रोज सुई घेतली. बसायला जागा उरली नव्हती, आणि शेवटी कान गेले. तेजसच्या लग्नात बँडवाल्यांचे फुगलेले गाल बघून वाजतंय एवढं कळलं. पोटच्या पोराचं लग्न गं!

ती गोळी तेव्हाही निघालेली होती. आपल्याकडे थोडी आली, ती माझ्यापर्यंत पोचली नाही. आजार साऱ्या जगाचा आणि औषध एका कंपनीचं, हा कुठला न्याय? कंपनीने शोधलीच नसती तर तुलाही मिळाली नसती, हे समजतं. समजून जळणं थांबत नाही. तू बरी व्हावीस असं मनापासून वाटतं. इतक्या सहज होऊ नयेस, असंही वाटतं.

रागावलीस तरी आपली म्हण.
हेमलता

पहूर, २ मे

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलंस, आता मीही लिहिते. मलाही तुझा हेवा वाटतो. तुला सुया होत्या म्हणून आई देवपूरला येऊन राहिली, नानांनी फळांच्या पाट्या पाठवल्या. माझ्याकडे कोण येतं? सासूबाई म्हणतात, नुसत्या गोळ्याच तर आहेत, भाकरी टाक. या गोळ्यांनी पायांची सारखी आग होते, ती कुणाला दिसत नाही. गेल्या आठवड्यापासून मी गोळ्या बंद केल्यात. घरात सांगितलेलं नाही. तुझा जीव थंड होत असेल तर होऊ दे.

माया उरली असेल तर असू दे.
रोहिणी

देवपूर, ६ मे

चि. रोहिणीस,
अ. उ. आ.

बठ्ठं, अगदी सगळं कळलं, मूर्ख पोरी! टपालाला वेळ नाही, म्हणून तेजस या पत्राचा फोटो तुझ्या मोबाइलवर पाठवतोय. औषध अर्धवट सोडलंस तर हा टीबी नव्या गोळीलाही जुमानेनासा होईल. मग तुझ्यासाठी कुठल्या कंपनीचं दार वाजवू?

उद्या सकाळच्या एसटीने निघतेय. आधी जळगावला तुझ्या डॉक्टरांकडे जाऊ. पायांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, तू नाही. मग गोळ्या संपेपर्यंत मी पहूरलाच राहीन. भाकरी मी टाकेन.

हेवा गेलेला नाही, तोही येतोय बरोबर. तू ठणठणीत हो, मग मी मनसोक्त जळेन. तेवढं सुख मला मिळू दे. आणि दारात सबबी सांगत उभी राहू नकोस. मला ऐकू येत नाहीत.

तुझीच,
अक्का