खुशालची सायकल आणि सातशे ग्रॅम

मी, गुणवंतराव देवाजी बांबोळे, वय वर्षे साठ, सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त रसायनज्ञ, राहणार गडचांदूर, ता. कोरपना, जि. चंद्रपूर, मूळ गाव चामोर्शी, जि. गडचिरोली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवतो. कोणी सांगितले म्हणून किंवा कोणाच्या धाकाने लिहीत नाही. गेल्या पावसाळ्यात हृदयाच्या नळीत स्टेंट बसला, तेव्हापासून हे काम डोक्यात होते. डोके शाबूत आहे. मन शांत आहे असे मात्र शपथेवर लिहिता येणार नाही, आणि माझ्या वकील हर्षाताई म्हणाल्या की कायद्याला तेवढे लागतही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. गडचांदूर येथील राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते, आणि बँकेत जे काही असेल ते, माझ्या पश्चात पत्नी कमळा हिच्या एकटीच्या मालकीचे होईल. घर विकून हैदराबादला चल, असे तिला कोणी म्हणू नये. तिथे राहणाऱ्या आमच्या मुलानेही म्हणू नये.

कलम २. मुलगा अजय याला माझे दोन्ही वजनकाटे द्यावेत, टेबलावरचा आणि हातात धरायचा लोंबता. त्याला मोबाइलवर दिसलेला प्रत्येक आकडा खरा वाटतो. बाकी त्याने माझ्याकडून काही मागितले नाही, आणि मीही त्याला फार काही विचारले नाही. ते राहून गेले.

कलम ३. हिरव्या रंगाची, स्टीलच्या फ्रेमची, लांब पल्ल्याची सायकल. ती माझ्या पडवीत उभी असली तरी मी ती माझी मानत नाही. ती माझा धाकटा भाऊ खुशाल याची. तो मार्च २०२३ मध्ये वारला. ती माझ्याकडे कशी आली हे सांगितल्याशिवाय ती कोणाला देता येत नाही, म्हणून सांगतो.

आमच्या आईबापाच्या रक्तात सिकलसेलचा अर्धा-अर्धा दोष होता, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. मला अर्धाच आला, ज्याने काही होत नाही. खुशालला दोन्हीकडून आला. लहानपणी त्याचे हातपाय ठणकू लागले की आई, अंजनाबाई, वाळू तापवून फडक्यात बांधायची आणि शेकत बसायची. मला म्हणायची, "जाय, तू खेळून ये." मी जायचो. मागून त्याचे कण्हणे ऐकू आले की मी आणखी जोरात धावायचो. यात माझा गुन्हा नाही हे मला कळते. ते कळण्याचा आजवर काही उपयोग झालेला नाही.

खुशाल चामोर्शीच्या शाळेत कारकून होता. चाळिशीनंतर नव्या गोळ्यांनी त्याचे दुखणे पुष्कळ आटोक्यात आले. तेव्हा त्याने एक गोष्ट मागितली. सायकलने सिरोंच्याला जायचे, प्राणहिता आणि गोदावरी मिळतात तिथे पाण्यात पाय घालायचे. डॉक्टरांनी हो म्हटले. सावकाश जा, पाणी पीत राहा, कडक थंडीत नको, दम लागला की उतरा.

सायकल मी घेऊन देणार होतो. आम्ही नागपूरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. खुशालचे डोळे ॲल्युमिनियमच्या एका लाल सायकलीवर गेले. जाहिरातीत तिची फ्रेम दीड किलोच्या आसपास होती, आणि स्टीलची तिच्यापेक्षा किलोभर जड. जन्मभर वजने केलेला माणूस छापील आकडा तसाच गिळत नाही. मी खालची बारीक अक्षरे वाचली. दीड किलो हे सर्वांत लहान मापाच्या फ्रेमचे वजन होते. तेही रंग चढण्याआधीचे, नटबोल्ट काढून आणि पुढचा फोर्क वगळून. खुशाल ताडमाड उंच. त्याच्या मापाची फ्रेम मोठी, म्हणजे जडच येणार. मी खिशातून लोंबता काटा काढला.

दुकानदार हसला. "अंकल, रंग का क्या वजन होता है?"

"होता है," मी म्हणालो, "फ्रेम दे दो."

जोडणीसाठी आलेल्या दोन्ही जातींच्या सुट्या फ्रेम त्याने आणून दिल्या. लालवाली जाहिरातीपेक्षा चांगलीच जड निघाली. स्टीलवाल्या कंपनीने रंगासकट, मधल्या मापाचे वजन छापले होते. तिचा आकडा जवळजवळ बरोबर निघाला. किलोभराचा फरक सातशे ग्रॅमवर आला. मला विलक्षण आनंद झाला, जणू मी कोणाची चोरी पकडली होती. मी खुशालला पटवून दिले, की सातशे ग्रॅम म्हणजे पाण्याची एक बाटली. चढावर तुला फ्रेम वाचवणार नाही, मागचे दात्यांचे मोठे चक्र वाचवेल. या फ्रेमला सामान लादायला जागा आहे, जाड टायर बसतात, आणि जंगलात मोडली तर ट्रॅक्टरची ट्रॉली जोडणारा माणूसही हिला जोडून देईल.

खुशाल लाल सायकलीकडे एकदा बघून म्हणाला, "भाऊ, तो काटा ठेव आता खिशात. मले चालवू तं दे." स्टीलवाली चालवून आला तो हसतच. "हे घेऊ. हे हालत नाई."

फेब्रुवारीत निघालो. सामान सगळे माझ्या काळ्या जुन्या सायकलीवर होते. आलापल्लीजवळ तिचेच कॅरिअर मोडले. इतवारी मडावी नावाच्या वेल्डरने ते हातोहात जोडले, आणि आम्हाला त्याच्या घरी जेवून जायला लावले. तिथून पुढे सागाच्या रानातल्या एका लांब चढावर खुशाल उतरला. ओठ पांढरे पडले होते. मी म्हणालो, "आपण मांगं फिरू. बस भेटते इथून."

तो रस्त्याच्या कडेला बसून पाणी प्याला. "मांगं फिरलो तं मी घरी जाऊन बिमारच राहीन, भाऊ. इथी मी सायकलवाला आहो."

मी माझी सायकल आधी वर लावून आलो आणि मग त्याची ढकलत चढ चढलो. तो हात हलवत मागून आला. त्या चढावर पहिल्यांदा माझ्या मनात आले, लाल सायकल असती तर?

सिरोंच्याला पोचलो. त्याने पाण्यात पाय घातले आणि बराच वेळ काढले नाहीत. परत आम्ही बसने आलो, सायकली टपावर.

महिन्याभराने त्याला ताप आला, छातीत भरले. चंद्रपूरच्या दवाखान्यात तो आठवडाभर झुंजला आणि गेला. डॉक्टर म्हणाले, संसर्ग झाला, सायकलचा संबंध नाही. मी ते त्यांच्याकडून तीनदा वदवून घेतले. तरी सातशे ग्रॅम डोक्यातून गेले नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी त्याची बायको ज्योत्स्ना सगळ्यांसमोर मला म्हणाली, "तुम्ही नेलं नसतं तं तो असता." आठ दिवसांनी तिने टेम्पोत घालून सायकल माझ्या दारी पाठवली. तेव्हापासून ज्योत्स्ना आमच्या घरी आली नाही.

आणखी एक, जे मी कमळालाही सांगितलेले नाही. गेल्या वर्षी एका सकाळी मी ती सायकल काढली आणि माणिकगडच्या रस्त्याने फिरून आलो. फार छान चालते. उतारावर वारा लागला आणि मला बरे वाटले, अगदी मनापासून बरे वाटले. घरी येऊन मी पडवीत खाली बसलो. तो गेला आणि मी त्याच्या सायकलवर सुखात होतो.

ही सायकल मी खुशालची मुलगी पुनम हिला देऊ इच्छितो, तिच्या आईची हरकत नसेल तर.

कलम ४. चामोर्शीचे धानाचे शेत, वाटणीत माझ्या नावे आलेला भाग, ज्योत्स्ना खुशाल बांबोळे हिला.

(हे कलम रद्द. कारण कलम ७ मध्ये.)

कलम ५. पाने, पंप, चेन तोडायचे हत्यार आणि माझी काळी सायकल इतवारी मडावी, आलापल्ली, याला पोचवावी.

कलम ६. शेजारी धनराज याला काही नाही. खुशाल गेल्यावर तो गल्लीभर सांगत फिरला की लोखंडाच्या सायकलीने माणूस खाल्ला. त्याचे म्हणणे मी स्वतःशीही बोललो आहे, पण ते बोलण्याचा हक्क त्याचा नव्हता.

कलम ७. हे कलम आज चामोर्शीला लिहिले. वरचा मसुदा आणि सायकल घेऊन मी कमळासह ज्योत्स्नाकडे आलो. तिने तो अंगणात उभ्यानेच वाचला. वाचून झाल्यावर म्हणाली, "सातशे ग्रॅम, सातशे ग्रॅम काऊन लिहून राह्यले, भाऊजी? थैली मी भरून देल्ली होती. गोळ्या, मफलर, सारं. मी नाई म्हटलं असतं तं तो थांबला असता. माझं तो आयकत होता."

मी म्हणालो, "तू तर रागावली होतीस."

"रागावली होती. अजूनई आहो." मग तिने कागदाची घडी केली. "दवाखान्यात नळ्या लागल्या होत्या, तरी नर्सला मोबाइल दाखवे. हे सिरोंचा, हे माझी सायकल. मले ते सायकल मंग पाहवली नाई. म्हणून धाडली तुमच्याकडं."

ती तिथेच ओट्यावर बसली. मग कमळा तिच्याजवळ जाऊन बसली.

शेत ज्योत्स्नाने नाकारले. हर्षाताईंनी सांगितले होते की ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष करू नये. ज्योत्स्ना म्हणाली, "मंग शेत पुनमच्या नावानं करा. साक्षीची सही मी करीन." त्याप्रमाणे कलम ४ रद्द करून चामोर्शीचे शेत मी पुनम खुशाल बांबोळे हिला देत आहे.

राहिली सायकल. पुनम एकोणीस वर्षांची आहे, बापासारखीच उंच. दारात उभी राहून तिने सगळे ऐकले होते. ती म्हणाली, "मोठे बाबा, मंग काय तुम्ही मराची वाट पाहू मी?"

तिची आई मोठ्याने हसली. मग तिने तोंडाला पदर लावला.

मी सीट दोन बोटे खाली घेतली. पुनम बसली आणि आष्टीच्या रस्त्याला लागली. सबब, कलम ३ मधील सायकल आजपासून माझ्या मिळकतीत नाही. तिच्याबद्दल माझ्या मृत्यूनंतर कोणाला काही करायचे शिल्लक राहिलेले नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, खालील दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे. त्यांनीही माझ्यासमोर सही केली.

ठिकाण : चामोर्शी
दिनांक : १४ डिसेंबर २०२५

(सही) गुणवंतराव देवाजी बांबोळे

साक्षीदार :

१. (सही) सुनिल लच्छू कोवे, शिक्षक, रा. चामोर्शी

२. (सही) ज्योत्स्ना खुशाल बांबोळे, रा. चामोर्शी. सही करायला उशीर झाला, मी रस्त्यावर उभी होती. पोरगी आता परत आली.