चौथ्या साइडचं शेवटचं गाणं

बाबा, दादा चार वाजता येतोय आणि आत्ता दोन वाजलेत. त्याला आवडते म्हणून खिचडीचा साबुदाणा भिजवून ठेवलाय, दाणे भाजून झालेत, पण कूट करायला हात उठत नाही. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

झालंय असं, की दादाच्या मुलीने डोक्यात घेतलंय, बापाच्या साठीला त्याच्या बँडची सगळी गाणी एकत्र करून डबल अल्बम काढायचा. गिटारवाल्याच्या माळ्यावर मूळ रेकॉर्डिंग सापडलं, ते तिने ठाण्यात कुणाकडून तरी साफ करून आणलं. मला म्हणाली, "आत्या, क्रम तू लाव. आजोबांच्या दुकानात तूच बसायचीस ना?" आता सगळं फोनवर ऐकतात, मिनिटांचं बंधन कुणाला? पण मला दुसऱ्या पद्धतीने जमतच नाही. दोन कॅसेटी, चार साइड, एका साइडला तीस मिनिटं. तुम्ही म्हणायचात, "गिऱ्हाईक यादी आणतं ती आवडीची. क्रम आपण लावायचा. आणि काय वाट्टेल ते होवो, साइड संपताना गाणं तुटता कामा नये." अर्धी डोंबिवली कॅसेट भरून घ्यायला तुमच्याकडे यायची ती एवढ्यासाठीच.

एकवीस गाणी बसली. चौथ्या साइडच्या शेवटी जागा आहे ती बाविसाव्याची, दादाने आई गेल्यावर केलेल्या गाण्याची. ते दुसरीकडे कुठे शोभतच नाही. पण परवा दादा फोनवर म्हणाला, "ते घेऊ नकोस. ते लागलं की मला आई नाही आठवत, बाबा आठवतात. डोकं फिरतं माझं." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून झोप नाही.

त्या नवरात्राच्या आधीची दुपार तुम्हाला आठवत असेल. ठाण्याच्या टेंभी नाक्यापासून कल्याणपर्यंत मंडळांना कॅसेटी वाटायच्या, म्हणजे बँडला बोलावणी येतील, असं पोरांचं ठरलेलं. "गाण्यावर पोट भरत नाही," हे तुमचं पालुपद दिवसातून दोनदा चालू असायचं, तरी बावीस गाण्यांचा क्रम तुम्हीच रात्रभर बसून लावलात. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, प्रत्येक गाण्यापुढे मिनिटं आणि सेकंद. तुम्ही कोऱ्या कॅसेटी आणायला कल्याणला जाता आणि मला सांगता, "मास्टर भरून ठेव. कागदाप्रमाणे." ज्यावरून बाकीच्या सगळ्या भरायच्या, ती पहिली जोडी. मी एकोणीस वर्षांची. आणि मला तो गिटारवाला आवडतो! आता तो टक्कल मिरवत नातवाला क्लासला सोडतो, पण तेव्हा काय दिसायचा, बाबा! त्याने म्हटलेलं गाणं तुम्ही चौथ्या साइडला टाकलेलं. इतक्या मागे? मी ते उचलून सगळ्यात पहिलं घेतलं आणि पहिलं तिथे टाकलं. एका गाण्याची तर अदलाबदल, काय बिघडतंय? बिघडलं ते असं, की पहिलं गाणं सव्वा मिनिटाने मोठं होतं. आईचं गाणं शेवटच्या कडव्यात कापलं गेलं. मी शेवटपर्यंत ऐकलंच नाही. तुम्ही उशिरा आलात, माझ्यावर विश्वास ठेवलात आणि त्याच मास्टरवरून सगळ्या कॅसेटी भरल्यात.

चौथ्या दिवशी दादाने कॅसेट काउंटरवर आपटली. कुठल्याशा मंडळात चारचौघांसमोर ती वाजली होती आणि आईचं नाव घेता घेता खट्‌ झालं होतं. तुम्ही कव्हरवरची माझ्या अक्षरातली यादी वाचलीत. मग माझ्याकडे पाहिलंत. मी त्याच्या पाठीमागून हात जोडले, नको म्हणून मान हलवली. तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं. भरताना लक्ष राहिलं नाही."

"तुमचं लक्ष राहिलं नाही?" दादा ओरडला. "अहो, परक्यांचं गाणं कधी तुटलं नाही तुमच्याकडे, आणि नेमकं माझंच तुटलं? मुद्दाम केलंत तुम्ही! आईच्या गाण्याचीसुद्धा लाज नाही वाटली?"

त्याने कोलशेतच्या कारखान्यात नोकरी धरली, विठ्ठलवाडीला खोली घेतली, बँड मोडला. तुमच्याशी नंतर बोलला ते "येतो" आणि "निघतो" एवढंच. कॅसेट आपटली त्या रात्री तुम्ही पिठलं ढवळत विचारलंत, "सांगू का मी त्याला?" मी रडत म्हटलं, "नको ना बाबा, पाया पडते तुमच्या." तुम्ही गॅस बारीक केलात. "बरं. पण कधीतरी तू स्वतः सांग. भावाचा राग फुकट जातोय." सणामागून सण गेले, प्रत्येक भाऊबीजेला ओवाळताना शब्द तोंडाशी आले आणि मी करंजीची ताटली पुढे केली. मग तुम्हीच गेलात. बेल वाजली वाटतं.

सात वाजलेत. दादा आत्ताच गेला.

सांगितलं, बाबा. खिचडीचा पहिला घास घेतला आणि मी एका दमात बोलून टाकलं: कागद, अदलाबदल, गिटारवाला, सगळं. त्याने चमचा खाली ठेवला. मला शिव्या घालेल, उठून जाईल, असं वाटलेलं. तो म्हणाला, "मी त्यांना खांदा द्यायला आलेलो ना, तेव्हासुद्धा मनात हेच होतं गं." आणि मोठ्याने रडला, आईच्या वेळेला रडलेला तसा. मला त्याला हात लावायचा धीर होईना.

मग त्याने विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"हो" अगदी ओठांवर आलेलं. पण पुढचा प्रश्न मला दिसत होता. मग ते बोलले का नाहीत? आणि त्याचं उत्तर एकच होतं. चूक पोरवयाची होती, ती एकवेळ पोटात घालता येते. पण मी हात जोडून तुमचं तोंड बंद केलं आणि तुम्हाला आयुष्यभर त्याच्यापुढे गुन्हेगार म्हणून उभं ठेवलं, हे त्याने कसं पोटात घालावं?

"नाही रे," मी म्हटलं. "त्यांना शेवटपर्यंत वाटलं, त्यांचंच चुकलं."

"बिचारे," दादा म्हणाला. तोंड धुऊन आला, गार झालेली खिचडी संपवली, आणि जाताना चपला घालता घालता म्हणाला, "घे ते गाणं. शेवटीच ठेव."

अल्बम पुरा झाला, बाबा. हे लिहिता लिहिता दादाच्या मुलीचा आनंदाने फोनही येऊन गेला. तुम्ही माझ्यासाठी केलंत ते मात्र मी आज दुसऱ्यांदा झाकलं. हा कागद दादाच्या हाती लागू नये म्हणून आता फाडणार आहे. पुढे कधीतरी खरं सांगेन, असं मघाशी लिहिलेलं आणि खोडलं. तुमच्याशी कशाला खोटं बोलू? नाही सांगणार मी.