मोटर भरणाऱ्यांचं मंडळ

रविवार, १८ जानेवारी १९९८

म्हणे वही घरी राहिली! अकराच्या अकरा जणांची? एकदमच?

शिरूर-दौंडकडचे आम्ही बारा मोटर भरणारे, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळणारे, आज चौफुल्याला जमलो. मंडळाची कल्पना माझी, चहा माझा, तीन एचपीचा पहिला आकडाही माझाच. कुठल्या मोटरीत तारेचे किती फेरे, हे जो तो आपल्या वहीत दडवून बसतो. नव्या कंपनीची मोटर आली की सगळेच चाचपडतात. म्हणून म्हटलं, एकमेकांना सांगू. माझा आकडा उतरून घ्यायला पेनं बरी होती सगळ्यांकडं! केडगावच्या संपतनं तेवढा एक सांगितला, नव्या कंपनीच्या साडेसात एचपीचा. छत्तीस फेरे. तोंडपाठ आहे म्हणाला.

घरी बायको राजश्री म्हणाली, "लोकान्ला शानं करायचा ठेका तुमीच घेतलाय का?"

२ फेब्रुवारी

जळली! गावातल्या म्हाळूआबांची विहिरीवरची साडेसातची मोटर. छत्तीसच फेरे घातले होते.

३ फेब्रुवारी

भर बाजारात म्हाळूआबा ओरडले, "मोटर भरली का चूल पेटीवली रं?" सगळं न्हावरं गाव हसलं. चौदा वर्षं खपून मिळवलेलं नाव एका दिवसात मातीत! संपतनं मुद्दाम केलं. सगळ्यांपुढं, गोड हसून. डोकं सणकलंय नुसतं.

६ फेब्रुवारी

शेजारच्या एसटीडी बूथवर संपतचा फोन. त्याला पाच एचपीचा आकडा हवा होता. "म्हेंद्रभाऊ, तुमच्याबिगर कुनाला इचारू?" काय निर्लज्ज माणूस! खरे फेरे शेहेचाळीस. मी सांगितले बेचाळीस. बसू दे जाळत!

फोन ठेवल्यावर बरं वाटलं. खरं लिहायचं तर फार बरं वाटलं.

११ फेब्रुवारी

संपत स्वतः आला, एसटीनं, दोन तास उभा राहून. त्याच्याही दोन मोटरी जळल्या! त्यानं फेरे मोजले होते ते कुणीतरी आधीच चुकीची भरून ठेवलेल्या मोटरीवरून. "कंपनीचीच भरलेली समजलो. चुकलं माजं. तुमची तरी वाचावी म्हनून आलो." वही उघडून दाखवली. छत्तीसवर काट मारलेली.

एवढं खरं बोलायची काय गरज होती याला! बेचाळीसचं जिभेवर आलं होतं. पण खोटा आकडा का दिला, ते कुठल्या तोंडानं सांगू? रविवारी चौफुल्याला मंडळ जमेल, तेव्हा बाजूला घेऊन सांगतो.

रविवार, १५ फेब्रुवारी

पोचलो तेव्हा संपत उभा राहून वाचत होता, "पाच एचपी, बेचाळीस फेरं. म्हेंद्रभाऊंचा आकडा हाय, डोळं झाकून घाला!" सगळ्यांनी उतरून घेतला. मग मला अध्यक्ष केलं. टाळ्या वाजल्या.

मी हात जोडले आणि खाली बसलो.